म्हातारीचा पाव

१

"दादा, मला सैपाकातून काढलं. उद्या पुढं न्यायलेत. तू कुणापाशी काय बोलला का रं?"

एवढंच. मागे कुणीतरी परक्या भाषेत खेकसलं आणि निरोप तुटला. निवृत्तीने तो पुन्हा लावला. मग आणखी एकदा. शेवटी तृप्तीनेच त्याच्या हातातून फोन काढून घेतला.

इंदिरानगरातल्या एका फ्लॅटची ही मागची खोली. भिंतींना गोधड्या ठोकलेल्या, खिडकीला गादी लावलेली, मधोमध दोन माइक. तृप्ती, राज आणि संजना मिळून इथून 'दूरचं जवळचं' नावाचा पॉडकास्ट करायचे. कधी दूरदेशीची युद्धं, कधी गटारात उतरणाऱ्या माणसांचं जिणं, कधी आदिवासींच्या बोहाडा उत्सवातले मुखवटे. ऐकणारे फार नव्हते, पण जे होते ते मनापासून ऐकायचे.

दाराशी चप्पल काढून रंगनाथ शेवाळे आत आले. तृप्तीचे मामा. फौजदार म्हणून निवृत्त झाले आणि तेव्हापासून पंचवटीतलं एकही कीर्तन त्यांनी चुकवलेलं नाही. आजही काल्याचं कीर्तन अर्ध्यावर सोडून आले होते, आणि कपाळावरचा बुक्का अजून ओला होता.

"बोल बाळा," ते निवृत्तीसमोर मांडी घालून बसले. "मला काहीच माहीत नाही असं धरून बोल."

निवृत्ती आगिवले, घोटीच्या पलीकडच्या एका भाताच्या गावचा. त्याला आणि धाकटा भाऊ राकेशला नाशिकच्या एका एजंटाने परदेशात गोदामाची नोकरी म्हणून नेलं. त्या एजंटाला सगळे शेठ म्हणत. विमानातून उतरल्यावर दोघांच्या अंगावर वर्दी चढवली आणि लढाईत लोटलं. निवृत्तीच्या पायात गोळ्याचा तुकडा घुसला. तो पळाला, लपतछपत सरहद्द ओलांडली आणि आपल्या वकिलातीने त्याला घरी पाठवलं. राकेश मागे राहिला. पण सैन्याच्या मुदपाकखान्यात, आघाडीपासून लांब.

"शेठचं म्हणणं एकच व्हतं," निवृत्ती म्हणाला. "घरचे गप, तवर पोरगं बटाटे सोलंल."

"आणि तू इथं माइकवर बोललास."

"नाव बदलून. आवाज बदलून. गावाचं नाव नाय, शेठचं नाय. ताई म्हनल्या, दुसऱ्यांची पोरं तरी वाचतील." त्याने तृप्तीकडे पाहिलं नाही. "काल शेठचा फोन आला. म्हनला, पांडुरंगानं खाऊ घातलं ना तुला? आता भावालाबी त्याच्याकडंच धाडतो."

"तक्रार?" रंगनाथरावांनी विचारलं.

निवृत्तीने हात जोडले. "राकेश तिथं हाय तवर नको. पाया पडतो."

रंगनाथरावांनी त्याचे जोडलेले हात खाली केले. "मग एकच वाट राहते. शेठकडे पुरावा आहे की नुसती कुणाची चुगली, ते कळलं पाहिजे. चुगली असेल तर चुगली करणाऱ्याला धरू आणि त्याच्याच तोंडून शेठला म्हणायला लावू की माझी चूक झाली, तो हा नव्हे."

"आणि मग राकेश परत सैपाकात जाईल?" संजनाने विचारलं.

"जाऊ शकतो."

निवृत्ती एकदम उभा राहिला, दुखरा पाय भिंतीला टेकवून. "त्या आवाजातला मानूस मीच, हे जगात कुनालाच ठावं नव्हतं. ह्या तिघांबिगर." त्याचं बोट तिघांवरून फिरलं. "ह्यांच्यातलाच कुनीतरी हाय, काका."

२

राज हा मनमाडच्या रेल्वेवाल्यांचा पोरगा. आवाज कापणं, जोडणं, बदलणं हे त्याचं काम. त्याला रंगनाथरावांनी गॅलरीत घेतलं.

"तुमचं हे पॉडकास्ट म्हणजे कीर्तनच की रे. फक्त टाळ नाहीत."

"आणि शेवटी प्रसाद पण नाही, काका," राज हसला, पण हसू ओठांवरच वाळलं.

"मूळ आवाज कुठंय?"

"पुसून टाकला. तृप्तीताईंनी सांगितलं होतं."

"पुसलास?"

राजने खाली रस्त्यावर पाहिलं. भाजीवाली गाडा ढकलत चालली होती. "हातगाडीवर मेथी चांगली दिसतीय," तो म्हणाला.

"राज."

"नाही पुसला." तो भरभर बोलायला लागला. "काका, असा आवाज आयुष्यात एकदा मिळतो. तो रडत नाही हो, कुठंच रडत नाही, आणि ऐकणाऱ्याला बसवत नाही. तो पुसायचा? माझ्या हातानं? ठेवलाय. पण माझ्याच लॅपटॉपवर, कुलूप लावून. आईची शपथ, कुणाला दिला नाही."

"लॅपटॉप कुणाच्या हाती गेला?"

"मध्ये बिघडला होता, दुकानात दिला होता. पण दुकानदाराला कुलूप उघडता यायचं नाही." तो थांबला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "माझ्यावर नजर ठेवण्यापेक्षा संजनाला विचारा, ती शेठच्या ऑफिसात कशाला गेली होती."

३

संजनाने आधी गॅलरीचं दार ओढून घेतलं. नाशिकरोडच्या बौद्ध वसाहतीत वाढलेली ही मुलगी. वडील प्राथमिक शिक्षक, आणि भाषणं ऐकतच लहानाची मोठी झालेली. पॉडकास्टमध्ये न्यायाचं, हक्काचं जे काही असे ते तिने शोधून काढलेलं.

"गेले होते," ती म्हणाली. "चुलतभावाला घेऊन. त्याला परदेशी जायचंय असं सांगून."

"तृप्तीला न सांगता?"

"सांगितलं असतं तर जाऊ दिलं नसतं. काका, माझं आणि तिचं भांडण तिथंच आहे. ती म्हणते, दुःख सांगा, नाव नको. मी म्हणते, नाव न घेता न्याय कसला? दुःख ऐकून लोक हळहळतात आणि भाजी फोडणीला टाकतात. मला त्या शेठचा चेहरा बघायचा होता."

"दिसला?"

"दिसला. चहा पाजला त्यानं आम्हाला. आमच्या आजीची चौकशी केली." ती कडवट हसली. "तुम्हाला वाटेल मी रागाच्या भरात काहीतरी बोलून गेले. नाही बोलले. तोंड उघडलं असतं तर शिवीच आली असती, म्हणून मिटून बसले."

"निवृत्तीचं नाव?"

"काका, माझ्या आजोबांच्या वेळेपासून आमच्या घरात एक शिकवण आहे. ज्याला कुणी नाही त्याच्या बाजूनं उभं राहायचं. त्याला विकून मी कुठं उभी राहणार?"

चाळीस वर्षं खोटं ऐकण्यात गेलेला तो माणूस. खोट्याला एक घाई असते. या मुलीच्या बोलण्यात घाई नव्हती, नुसता जाळ होता.

मग राहिली कोण? रंगनाथरावांनी मागे वळून पाहिलं. गोधड्यांच्या खोलीत त्यांची सख्खी भाची गुडघ्यात डोकं घालून बसली होती.

"मामा," तृप्ती मान वर न करता म्हणाली, "मला पण विचारा. सोडू नका."

"विचारतोच आहे. तो मूळ आवाज तू कुणाला ऐकवलास?"

"मी तर तो पुसायला सांगितला होता. आहे अजून?"

"आहे. लाव रे, राज."

४

निवृत्तीला बाहेर चहाला पाठवलं आणि दार लावून घेतलं. राजने कळ दाबली.

न बदललेला आवाज. घोटीकडचा, जडशीळ. रंगनाथरावांनी डोळे मिटले, कीर्तनात मिटतात तसे.

"...तिसऱ्या राती चालवंना. एका घरामागं पडलो. दार उघडून म्हातारी आली. डोईला रुमाल. मला वाटलं आता वरडती. ती आत गेली आन् पाव घेऊन आली. निम्मा तिनं मोडला, निम्मा मला. भिंतीवर पोराचा फोटू व्हता, वर्दीतला. हार घातलेला नाय, पर मला कळलं. आमच्याच बाजूनं मारला असंल त्याला. ती काय बोलली नाय. मी खाईस्तवर समोर उभी राहिली, कमरंला हात लावून..."

"बस," रंगनाथराव म्हणाले. "हे तुमच्या भागात आहे?"

"नाही," तृप्ती म्हणाली. "हे सगळं कापलं. तो कुठल्या वाटेनं पळाला ते कळलं असतं. आमच्या भागात तो थेट वकिलातीत पोचतो."

"म्हणजे पॉडकास्ट ऐकून शेठला कळायचं नाही की याला कुणी खाऊ घातलं."

"नाही."

"पण शेठ काय म्हणाला? पांडुरंगानं खाऊ घातलं."

"टोमणा असेल," संजना म्हणाली. "गळ्यात तुळशीची माळ आहे त्याच्या."

"मलाही आत्तापर्यंत तसंच वाटत होतं. टोमणा मारायचा तर माणूस म्हणेल, पांडुरंगानं वाचवलं, पांडुरंगानं आणलं. खाऊ घातलं कशाला म्हणेल? त्याला खाण्याचं माहीत होतं." ते उठले आणि येरझाऱ्या घालायला लागले. तीन पावलांत भिंत येत होती. "आता तुमच्यातल्या कुणी हा आवाज नेऊन त्याला दिला असता, तर त्याला म्हातारी कळली असती. पाव कळला असता. मेलेला मुलगा कळला असता. पांडुरंग कुठून आला? या आवाजात देवाचं नावही नाही."

तिघं त्यांच्याकडे बघत होती.

"म्हणजे ही गोष्ट तीन तऱ्हेने फिरतेय. एक तुम्ही जगाला ऐकवलीत, तिच्यात म्हातारीच नाही. दुसरी ही, इथल्या कुलपातली, तिच्यात म्हातारी आहे आणि देव नाही. शेठच्या कानावर गेली ती तिसरी. तिच्यात म्हातारी जाऊन देव आलाय." ते थांबले. त्यांचा स्वर एकदम उतरला. "आणि म्हातारीचा देव कुठं होतो, ते मला विचारा. मी रोज संध्याकाळी तिथंच बसलेला असतो."

"कुठं, मामा?"

"कीर्तनात गं. कीर्तनात दळायला येते ती बाई नसते. दार झाडतो तो गडी नसतो. उपाशी माणसापुढं भाकरी घेऊन जो कुणी उभा राहतो, तो कोण आहे हे मंडपातल्या शेवटच्या माणसाला आधीच कळलेलं असतं." त्यांनी राजच्या खांद्यावर हात ठेवला. "मोबाइलवर शोध. घोटीकडचं गाव. सप्ताह. या महिन्यातलं."

राज शोधत होता तोवर तृप्तीने दाराकडे पाहिलं. "मामा, ही तिसरी गोष्ट निवृत्तीनं कुणाला सांगितली असेल?"

रंगनाथराव राजच्या मागे जाऊन उभे राहिले. त्यांना ते आधीच कळलं होतं, आणि ते चुकीचं निघावं म्हणून ते मनातल्या मनात नामस्मरण करत होते.

५

सापडलं. गावच्या पोरांनी टाकलेलं कीर्तन, हजारोंनी पाहिलेलं. निळा मंडप, मागे टाळकरी, आणि पुढे भिमाजी महाराज. रंगनाथरावांनी त्यांना कितीदा ऐकलं होतं. गोड गळ्याचा, निर्मळ माणूस.

"...आणि मायबापहो, डोईला रुमाल बांधलेली ती म्हातारी कोण होती?" महाराजांनी वीणा छातीशी धरली. "त्या लेकरानं वर पाहिलं नाही, म्हणून त्याला कळलं नाही. पण तुम्ही बघा! तिचे हात कुठं होते? कमरेवर! अहो, बर्फाच्या मुलखात, तोफांच्या धुरात, माझा पांडुरंग भाकरी देऊन समोर उभा होता!"

मंडप विठ्ठलनामाने दुमदुमला. सगळं ठाऊक असूनही रंगनाथरावांचे डोळे भरून आले. कीर्तन उत्तमच होतं.

"त्या लेकराची माय आज इथं बसलीय," महाराज म्हणाले. "मी नाव घेणार नाही."

त्यांनी खरंच घेतलं नाही. आरती झाली. मग एका तरुणाने माइक हातात घेतला, जसा प्रत्येक सप्ताहात कुणीतरी घेतो. "आजची पंगत श्रीमती कुसाबाई आगिवले यांच्याकडून. चिरंजीव निवृत्ती परदेशातून सुखरूप परत आल्याबद्दल. सर्वांनी प्रसाद घेतल्याशिवाय जाऊ नये."

संजनाने तोंडावर हात घेतला. "शेठ पोरं उचलतो ती याच गावांतून. त्याची माणसं हे बघतच असणार."

"आईनं सांगितलं महाराजांना," राज पुटपुटला.

"नवस बोलली असेल," रंगनाथराव म्हणाले. "पोरगं परत आलं. मग ती देवाला सांगणार नाही तर कुणाला?"

दार उघडून निवृत्ती आत आला होता. तो कधीपासून उभा होता ते कुणाला कळलं नाही. हातातला चहाचा पेला त्याने खाली ठेवला.

"मी आईलाच सांगितलं व्हतं म्हातारीचं," तो म्हणाला. "ती रडत व्हती, म्हून सांगितलं. तिला बरं वाटावं म्हून."

पुढची सकाळ उजाडली तेव्हा रंगनाथराव भिमाजी महाराजांच्या ओट्यावर बसले होते. महाराजांनी सगळं ऐकलं आणि गळ्यातली माळ मुठीत धरली.

"मी नाव घेतलं नाही हो, शेवाळे."

"तुम्ही नाही घेतलं. तुमच्यामागून घेतलं."

"पंगतीचं नाव तर घ्यावंच लागतं. आजवर घेत आलोय." महाराजांचा आवाज फुटला. "मला वाटलं, लोकांना धीर येईल. या दृष्टांतावर माणसं किती रडली, माहीत आहे तुम्हाला?"

"माहीत आहे. मीही रडलो."

महाराजांनी फोन करून क्लिप काढायला लावली. तृप्तीने आपला भाग काढला. दुपारी निवृत्तीने सगळ्यांसमोर शेठला फोन लावला, आवाज मोठा करून.

"मी नाय बोललो, शेठ. दुसराच कुनी असंल."

पलीकडे हसू आलं. "क्लिप हाय माझ्याकडं. आईच्या नावासकट. कशाला शपथा खातो?"

"राकेश कुठं हाय? एवढं तरी सांगा."

"पुढं हाय." मग त्याने कुणाला तरी चहा आणायला सांगितलं. "आता मुंडी खाली घालून बसा सगळे. परत त्या पोराचं नाव कुठं निघालं नाय, तर बघू म्हणतो. बघतो म्हणत नाय, बघू म्हणतो. आणि निघालं, तर मला फोन पण करू नको."

फोन बंद झाला. एवढ्याशा 'बघू'वर आता राकेशचा जीव टांगलेला होता.

निवृत्तीने रंगनाथरावांचे पाय धरले. "काका, कुनी सांगितलं ते आईला कळू द्यायचं नाय. तुमच्या गळ्यातल्या माळेची आन हाय."

"नाही कळू देणार," रंगनाथराव म्हणाले.

६

कुसाबाई पडवीत तांदूळ निवडत बसली होती. सून नाही, लेक नाही, शेजारणी मात्र सुपं घेऊन दोन्ही बाजूंनी. पाहुणे बघून शेजारणी उठून गेल्या. निवृत्ती भिंतीला टेकून उभा राहिला. तृप्तीने वाकून नमस्कार केला.

"घावला का?" कुसाबाईने विचारलं. "माझ्या राकेशवर उठलेला?"

तृप्तीने वाटेतच ठरवून ठेवलं होतं. "आमच्याकडूनच बाहेर गेलं, आजी. चूक आमची."

कुसाबाईने तिच्याकडे पाहिलं. सुपातला एक खडा काढला, बाजूला टाकला. "तुझ्या तोंडाकडं बघून शिवी बी देववत नाय, पोरी. जा. बस तिकडं. च्या घे."

रंगनाथरावांना वाटलं, झालं. निभलं. एवढं ओझं घेऊन निघायचं आणि पंचवटीत जाऊन खांबाला टेकून बसायचं.

"एवढे तांदूळ कशाला, माउली?" निघता निघता त्यांनी विचारलं.

"शेजारच्या वाडीत सप्ता हाय. उद्याची पंगत माझी." तिचा चेहरा पहिल्यांदा उजळला. "थोरल्याचं पांडुरंगानं आयकलं. आता धाकल्याचं घालते त्याच्या कानावर. त्या म्हाराजांना सांगून ठेवलंय, राकेशचं सगळं सांगा, पार गाव, नाव, कुठं अडाकलाय ते. सांजच्याला भोंग्यावर पुकारनार हायेत."

निवृत्तीने डोळे मिटले. तृप्ती उठून उभी राहिली. रंगनाथरावांनी दोघांकडे पाहिलं. निवृत्तीची मान हलत होती, नाही, नाही. पण दुसरी वाट उरली नाही, हे त्यालाही दिसत होतं.

रंगनाथराव परत आले आणि तिच्यासमोर जमिनीवर बसले. चाळीस वर्षांत किती जणांच्या दारात जाऊन काय काय सांगितलं होतं. असं कधी सांगितलं नव्हतं.

"माउली, पंगत देऊ नका."

"का बरं?"

मग त्यांनी सांगितलं. म्हातारीचं, महाराजांचं, पंगतीच्या नावाचं. हळू सांगितलं आणि काही गाळलं नाही. गाळलं असतं तर तिला पटलं नसतं आणि संध्याकाळी भोंगा वाजला असता. कुसाबाईचा हात सुपात फिरत राहिला. खडे कधीच संपले होते, तरी फिरत राहिला.

"म्हंजी," ती अखेर म्हणाली, "हाक मी पांडुरंगाला मारली. आन् आयकली त्या मानसानं."

"आई, तुझा दोस नाय," निवृत्ती म्हणाला.

"तू गप." तिने सूप खाली ठेवलं. "जा. पळ. वाडीत जा आन् सांग त्यान्ला."

निवृत्ती दुखऱ्या पायाने बांधावरून निघाला. तृप्ती त्याच्या मागून धावली आणि त्याला ओलांडून पुढे गेली. ऊन उतरत होतं. पडवीत दोघंच उरली, मध्ये निवडलेल्या तांदळाचा ढीग. रंगनाथरावांनी म्हणायला म्हणून म्हटलं, "तो सगळं बघतोय, माउली." आपलेच शब्द त्यांना मंडपाबाहेर पडलेल्या पत्रावळीसारखे वाटले.

वाडीकडून भोंगा खरखरला. दोघांनी मान वर केली.

"उद्याची पंगत..." आवाज अडला. कुणीतरी माइकवर हात धरला असावा. मग परत आला. "उद्याची पंगत एका भाविकाकडून. सर्वांनी प्रसादाचा लाभ घ्यावा."

रंगनाथरावांचा श्वास मोकळा झाला. वेळेवर पोचली पोरं. नाव गेलं नाही.

कुसाबाई अजून कान देऊन बसली होती, पुढे काही येईल म्हणून. पुढे काही आलं नाही. भोंगा बंद झाला. तिने रंगनाथरावांकडे पाहिलं, या कीर्तनं ऐकलेल्या, बुक्का लावलेल्या, शहाण्या दिसणाऱ्या माणसाकडे.

"आता त्याला कळंल कसं," तिने विचारलं, "पोरगं कुनाचं ते?"